शकूचं बटण

१

सुरभीचं खालापूरच्या ऑफिसातलं काम ऐकायला अवघड आणि करायला सोपं होतं. आसपासच्या कारखान्यांतल्या टाक्या, भट्ट्या, थंड खोल्या यांना बसवलेली यंत्रं दर काही सेकंदांनी निरोप धाडत असत. आता तापमान इतकं, आता पातळी इतकी. हे निरोप सर्व्हरवर ज्याच्या त्याच्या रांगेत येऊन थांबत. या रांगेला ऑफिसात सगळे क्यू म्हणत. क्यूची मांडणी लावून देणं हे सुरभीचं काम. पुष्कळ ठिकाणी ती एकच सेटिंग लावायची: शेवटचा निरोप तेवढा ठेवायचा. नवा आला की जुना गेला. टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पाच मिनिटांपूर्वीचं तापमान काय करायचंय? आत्ताचं हवं. नवा निरोप आलाच नाही, तर मात्र तो शेवटचा तसाच बसून राहतो. कितीही महिन्यांनी विचारा, तेच सांगतो.

हीच युक्ती तिने कडावच्या घरीही वापरली होती. सासूबाईंची, विमलबाईंची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा मोबाईल त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही. मग ऑफिसात उरलेल्या सुट्या भागांतून सुरभीने एक डबा तयार केला. जेवणाच्या डब्याएवढा, वर चार बटणं, आत एक स्पीकर आणि विमलबाईंना उलट निरोप धाडायचा झाला तर एक माइक. घरातल्या चौघांनी आपापल्या मोबाईलवर बोलायचं, ते त्या त्या माणसाच्या क्यूमध्ये जायचं, आणि विमलबाईंनी बटण दाबलं की त्या माणसाचा शेवटचा निरोप वाजायचा.

बोटांना कळावं म्हणून बटणांवर खुणा चिकटवल्या होत्या. थोरला मुलगा सखा, त्याच्या बटणावर चिंचोका. धाकटा जितेश, सुरभीचा नवरा, त्याच्यावर पितळेची चकती. थोरली सून शकू हिच्यासाठी विमलबाईंनी स्वतः हिरव्या काकणाचा तुकडा दिला. तिची काकणं वाजली की मला कळतं, म्हणाल्या. सुरभीच्या खुणेची वेळ आली तेव्हा त्या जरा थांबल्या, आणि मग शिवणाच्या पेटीत जे हाताला लागलं ते दिलं. सदऱ्याचं साधं बटण.

मागच्या ऑक्टोबरात, भातकापणी चालू असताना, शकूला ताप भरला. लेप्टो निघाला, शेतातल्या घाण पाण्यातून होणारा. नऊ दिवस ती पनवेलच्या दवाखान्यात होती. तिथून सातव्या दिवशी तिने एक निरोप धाडला, अकरा सेकंदांचा. "आई, मी बरी हाय. म्हशीला पेंड भिजवा. उद्या सोडतील म्हनतात. येते मी." पेंडीनंतर एकदा आणि 'येते मी'च्या आधी एकदा, अशी दोनदा ती खोकली होती.

त्यानंतर शकूचा दुसरा निरोप आला नाही.

वर्ष होत आलं. डब्याचं कोणतं बटण किती वेळा दाबलं गेलं याची नोंद सर्व्हरवर राहते, आणि सुरभी रोज ऑफिसात चहा पिताना ती पाहायची. पाहू नये हे तिला कळत होतं. सखा दोन, जितेश पाच, सुरभी एक. शकू सदतीस.

२

एका रविवारी सकाळी विमलबाई पडवीत डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सुरभी शेजारी मेथी निवडत होती. विमलबाई सहज म्हणाल्या, "शकूचा खोकला कमी झाला गं."

सुरभीने त्यांना समजावलं की तो निरोप गेल्या वर्षीचा आहे, त्यातला खोकला आता कमीही होणार नाही आणि वाढणारही नाही. विमलबाईंनी ऐकून घेतलं. "जुना असंल," त्या म्हणाल्या. "पन खोकला कमी झाला."

सुरभीने हिरव्या काकणावर बोट ठेवून दाबलं. शकू बोलली. पेंडीनंतर ती खोकली नाही. खोकल्याएवढी जागा तेवढी रिकामी गेली, आणि 'येते मी'च्या आधी मात्र ती नेहमीसारखी खोकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने शकूचा क्यू उघडला. एकच निरोप. तारीख गेल्या वर्षीची, वेळ तीच, लांबी अकरा सेकंद. कानात हेडफोन घालून तिने चार वेळा ऐकला. खोकला एकदाच. मग तिला वाटलं, पहिल्यापासून एकदाच असेल. इतक्या वेळा कानावर पडलेली गोष्ट माणूस मनानेच वाढवतो. पडताळून पाहावं तर जुनी प्रत कुठेच नव्हती. शेवटचं तेवढं ठेवायचं, ही सेटिंग तिनेच लावलेली होती.

त्या गुरुवारी दुसरा खोकलाही गेला. शनिवारी शकू म्हणाली, "आज सोडतील म्हनतात."

३

कोणालाही आधी भीती वाटली असती. सुरभीला आधी राग आला.

ती भिसेगावची. शिकलेली, नोकरी करणारी, चार वर्षांपूर्वी लग्न होऊन कडावला आलेली. शकू त्या घरात एकोणिसाव्या वर्षी आली होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. तिची आणि विमलबाईंची वीस वर्षं एकमेकींत इतकी मुरली होती की दोघी एकाच वाक्याचा अर्धा अर्धा भाग बोलत. शकू वाईट मुळीच नव्हती, तीच तर अडचण होती. सुरभीने झाडू उचलला की ती हातातून काढून घ्यायची. "राहू दे गं, तुला हापिसात जायचंय." सासूबाईंच्या पायाला तेल लावायला बसावं तर, "तू दमून आलीस, मी करते." इतकं गोड बोलून कोणी दाराबाहेर ठेवलं, तर भांडायचं कोणाशी?

शकू गेली तेव्हा सुरभी रडली, आणि ते रडणं खरं होतं. पण तेराव्यानंतर एका सकाळी विमलबाईंना चहा देताना तिच्या मनात आलं होतं, आता ही जागा माझी. ते मनात आल्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

जागा तिला मिळाली नाही. ती रोज ऑफिसातून निरोप धाडायची. आई, जेवलात का? आई, दुपारची गोळी डाव्या डबीत आहे. आई, येताना तुमच्यासाठी काय आणू? दिवसाचे सात-आठ निरोप. त्यातला प्रत्येक निरोप आधीच्याला पुसून टाकायचा, आणि विमलबाई संध्याकाळी एकदा बटण दाबून शेवटचा ऐकायच्या, तो बहुधा 'निघाले' एवढाच असायचा.

आणि शकूच्या निरोपात रोज एक शब्द बदलत होता. मेलेल्या बाईचा आवाज दिवसागणिक खुलत होता. कोणीतरी हे करतंय, सुरभीला खात्री वाटली. आता कोणाचाही आवाज बनवता येतो. आणि करायचंच होतं तर कोणाला माझ्या निरोपांची कीव का नाही आली?

शेजारच्या सोनुबाईने दुधाचं भांडं परत करताना तिला दारात गाठलं आणि हळूच विचारलं की विमलकाकू सगळ्यांना सांगत सुटल्यात, शकूला सोडलं म्हणून. डोक्यावर परिणाम झाला का गं त्यांच्या?

त्या दिवशी निरोपात खरंच तसं होतं. "आई, सोडलं मला. येते मी."

४

सुरभी सखाकडे गेली. तो गोठ्यात म्हशीची धार काढत होता. थोरल्या दिराला असं विचारणं तिला जड गेलं, तरी तिने विचारलं: शकूताईच्या फोनवरून कोणी काही पाठवतं का?

सखाने धार आटोपून भांडं बाजूला ठेवलं. मग त्याने सांगितलं की पहिल्या महिन्यात एकदा त्याने ते बटण दाबलं होतं, त्यानंतर धीर झाला नाही. पडवीतून तो आवाज आला की तो उठून गोठ्यात येतो. तो तिला आत घेऊन गेला आणि लोखंडी कपाट उघडून साड्यांखालचा मोबाईल दाखवला. बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलं होतं. सिमकार्ड त्यात नव्हतं. ते त्याने दिवाळीतच बंद करून टाकलं होतं.

"आई बोलते तिच्याशी, तर बोलू दे," तो कपाट लावत म्हणाला. "तुला काय तरास होतो त्याचा?"

या प्रश्नाचं उत्तर सुरभीकडे होतं, पण ते दिराला सांगण्यासारखं नव्हतं. जितेशला तिने रात्रीच सांगून पाहिलं होतं. त्याने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, मला तर वाटतं असंच होतं पहिल्यापासून.

५

ऑफिसात तिच्या शेजारी दहिवलीची इल्मा बसायची. मोजकं बोलणारी, कामाला पक्की. सुरभीने तिला निरोप बदलतो हे सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की जावेचा जुना निरोप क्यूमध्ये अडकून बसलाय, सासूबाई दिवसभर तोच ऐकतात, तो काढायचाय.

इल्मा म्हणाली की त्यात काय, त्या क्यूवर एक रिकामा निरोप टाक, आतलं आपोआप जाईल. मग तिने सुरभीकडे नीट पाहिलं. "आधी एक कॉपी करून ठेव. गेलेल्या माणसाचा आवाज आहे तो."

सुरभी हो म्हणाली. इल्मा जेवायला गेली. कॉपी करायला दोन सेकंद लागले असते. सुरभीने पडद्यावरचा बाण कॉपीच्या खुणेवर नेला, थोडा वेळ तिथेच ठेवला आणि काढून घेतला. सव्वाएक वाजता तिने रिकामा निरोप धाडला.

क्यू रिकामा झाला. शून्य निरोप.

मग ती नोंद पाहत बसली. एक वीसला कडावच्या पडवीत शकूचं बटण दाबलं गेलं. वाजायला काही नव्हतं. एक बावीसला पुन्हा. पाऊण तासात चौदा वेळा. सुरभीने नजर हलवली नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी दाबणं थांबलं. आणि थोड्या वेळाने सुरभीचं बटण दाबलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा.

त्या दिवशी तिने जेवणाचा डबा चाटूनपुसून खाल्ला.

संध्याकाळी उजेड असतानाच ती घरी पोचली. विमलबाई रडून बसल्या असतील अशी तिने तयारी केली होती. त्या पडवीत भिंतीला टेकून शांत बसल्या होत्या, डबा बाजूला सारलेला.

"निरोप गेला गं," त्या म्हणाल्या.

"कोणाचा, आई?"

"शकूचा. जाऊ दे. आता निरोप कशाला लागतो? ती आली की."

६

सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या सुरभीने क्यू उघडला. तिथे एक निरोप होता. आदल्या दिवशीचा, दुपारी दोन वाजून पाच मिनिटांचा. धाडणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. लांबी अकरा सेकंद.

त्यात कोणी बोलत नव्हतं. पंखा फिरत होता, त्याचं एक पातं दर फेरीला कट्ट करत होतं. लांब कुठे भात कापायचं यंत्र चालू होतं. वासराच्या गळ्यातली घंटा दोनदा वाजली. ती त्यांचीच पडवी होती.

सुरभीला हायसं वाटलं. डब्याचा माइक! विमलबाईंचं बोलणं जिकडे जायला हवं तिकडे न जाता शकूच्या क्यूमध्ये जातंय. नंबर टाकताना आपलीच चूक झालेली असणार. तिने सगळं तपासलं. नंबर बरोबर होते. तरी हे कारण तिने सोडलं नाही. कारण धरून ठेवायला बरं होतं.

पडदा रिफ्रेश केला तर तो निरोप गेलेला आणि त्या जागी नवा. तेच पातं, तेच यंत्र, आणि फरशीवर अनवाणी पावलं. चार पावलं आणि थांबणं. विमलबाई चालताना काठी टेकतात. ही पावलं बिनकाठीची होती. तिने पुन्हा ऐकायला घेतला तोवर तोही गेला आणि तिसरा आला. काही हाताला लागत नव्हतं. इल्माला बोलावून दाखवावं तर तिच्या समोर नुसता पंखा वाजायचा.

शेवटी सुरभीने त्या एका क्यूची सेटिंग बदलली. शेवटचे दहा निरोप ठेवायचे. अकरावा आला की पहिला जाईल, पण दहा तरी ओळीने ऐकता येतील.

घरी गेली तेव्हा विमलबाईंचे केस विंचरलेले होते. भांग सरळ, तेल चोपडलेलं, मागे घट्ट अंबाडा. उजवा खांदा धरल्यापासून विमलबाईंचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. सुरभी रविवारी त्यांचे केस विंचरायची, आणि आज गुरुवार होता. तिने विचारलं, सोनुबाई आली होती का? विमलबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग कोणी विंचरले?"

"तुला वेळ कुटं असतो गं," विमलबाई मायेने म्हणाल्या.

सुरभी न्हाणीत गेली आणि दार लावून उभी राहिली. आरशात तिला आपला चेहरा दिसला. घाबरलेल्या बाईचा चेहरा कसा असतो ते तिला माहीत होतं. हा तसा नव्हता.

७

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता क्यूमध्ये दहा निरोप होते. सुरभीने हेडफोन घातला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिल्या चारांत पावलं होती, दर वेळी थोडी जवळ. पाचव्यात लाकडी फणी केसांतून फिरत होती. सहाव्यात विमलबाई म्हणाल्या, "हळू गं, वढतात." सातव्यात कोणीतरी हसलं, हलकंसं, नाकातून. वीस वर्षं त्या घरात ऐकू आलेलं हसणं. माइकच्या चुकीचं कारण तिने तिथे सोडून दिलं.

आठव्यात विमलबाई बोलत होत्या. "सुरभी वाईट नाय गं. बोलायला कोरडी हाय. पन माजी गोळी तिनं एक दिवस चुकवली नाय. मला सवय लागली तिची."

सुरभीने तो निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा. चार वर्षांत हे शब्द तिला तोंडावर कोणी ऐकवले नव्हते. ती डोळे मिटून ऐकत राहिली, आणि आपण काय ऐकतोय, विमलबाई हे कोणाला सांगतायत, याचा तिला काही क्षण विसर पडला.

डोळे उघडले तेव्हा यादी वर सरकलेली होती. नवे निरोप आले होते, जुने जात होते. आठवा आता तिसरा झाला होता. तिने घाईने पुढचा लावला.

"सवय लागली?" शकूने विचारलं. आवाज निरोगी होता. खोकल्याचा मागमूस नव्हता. विमलबाईंनी हुंकार दिला. पंख्याचं पातं सहा वेळा वाजलं.

पुढचा निरोप. "मग मी तिच्यावानी बोलू का, आई?"

पुढच्यात एकच शब्द होता. आई. शकूचाच आवाज, पण शेवट जरा आखूड केलेला. त्याच्या पुढच्यात पुन्हा, आई. आता त्यात शहरी कोरडेपणा आला होता. त्याच्या पुढच्यात तो आणखी थोडा वाढला होता. कोणी नवीन साडी नेसून पाहावी, सोडावी, पुन्हा नेसावी, तसं ते चाललं होतं.

आठव्याचा तिसरा झालेला निरोप शोधायला तिने वर पाहिलं. तो गेला होता.

शेवटचा निरोप त्याच मिनिटाला आला. तिने लावला, आणि कानात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आई, दुपारची गोळी डाव्या डबीत आहे."

हे वाक्य तिने आज धाडलेलं नव्हतं.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. इल्माने काय झालं विचारलं; घरी जाते एवढंच ती म्हणाली. जितेश कारखान्यात होता, त्याचा फोन लागेना. सखा शेतावर, फोन घरी ठेवून. खालापूर ते कर्जत ती स्कूटीवर कशी आली ते तिला नंतर आठवेना. कर्जतच्या चार फाटा नाक्यावर सिग्नलला उभी असताना शेजारचा रिक्षावाला तिच्याकडे बघत होता, आणि तेव्हा तिला कळलं की आपण मोठ्याने बोलतोय. माझं आहे, माझं आहे, असं काहीतरी. घर म्हणायचं होतं, की आईंचं मन, की माणूस, ते तिलाही सांगता आलं नसतं.

८

पाऊण वाजला होता. कडावच्या गल्लीत ऊन पडलं होतं, कोणाच्या तरी अंगणात भात वाळत घातलेलं. घराचं दार उघडं होतं, नेहमी असतं तसं. पडवीत पंखा फिरत होता. विमलबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब केलेले, पायाला तेल लावलेलं. घरात खोबऱ्याचा वास होता. आतून विळीवर नारळ खवण्याचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत.

सुरभी उंबऱ्यात थांबली.

"कोन हाय?" विमलबाईंनी चेहरा तिच्याकडे वळवला.

"मी, आई. सुरभी."

विमलबाई हसल्या. कोणी थट्टा केल्यावर हसावं तसं. "सुरभी आत हाय. डोकं दुखतं म्हनून लवकर आली आज." मग त्यांनी परक्या माणसासमोर घेतात तसा पदर डोक्यावरून सारखा केला आणि लांब केलेले पाय जवळ ओढले. "तू कोनाची गं, बाय?"

सुरभीने त्यांच्याजवळ बसून त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता, चेहरा चाचपायला द्यायला हवा होता, शंभर गोष्टी सांगायला हव्या होत्या ज्या तिलाच माहीत होत्या. तिने तोंड उघडलं. आवाज फुटला तो घोगरा, तिचा तिलाच अनोळखी, आणि 'आई' एवढंही त्यातून पुरतं उमटलं नाही.

आत खवणं थांबलं.

स्वयंपाकघराच्या दाराला फुलांचा पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. त्याखाली दोन पावलं येऊन उभी राहिली. अनवाणी, ओलसर. त्यावर सुरभीचाच घरातला निळा गाऊन, खालची शिवण तिने गेल्या महिन्यात हाताने घातलेली.

"सुरभी," विमलबाईंनी आत हाक दिली, "पानी आन गं. कोनतरी आलंय दारात. उन्हातनं आलीया."

"आणते, आई."

आवाज सुरभीचा होता. एक सूरही चुकला नव्हता. पण त्या 'आई'त जी माया होती, ती सुरभीच्या तोंडून चार वर्षांत एकदाही निघाली नव्हती. दररोज सात-आठ निरोपांत निघाली नव्हती. विमलबाईंचा चेहरा ती ऐकून कसा उजळला ते सुरभीने पाहिलं. आपल्याला हे असं कधीच म्हणता आलं नाही, हे आधी तिच्या मनात आलं, छातीत आग पडल्यासारखं. मग ती उंबऱ्यावर बसली.

माठावरचं झाकण सरकलं. तांब्या भरला गेला. पडद्याच्या कडेला चार बोटं आली, खोबऱ्याचा पांढरा कीस लागलेली, आणि पडदा बाजूला होऊ लागला.